निघालेल्याला हाक

गोल बाजारात रविवारी संध्याकाळी हेमराज झाडे यांनी आपल्या मुलाला पाठीमागून, चार हातांच्या अंतरावरून, नाव घेऊन हाक मारली. मुलगा चालत राहिला. त्यांनी पुन्हा मारली, अधिक चढ्या आवाजात. मेथीच्या ढिगामागची बाई वळली, सायकल हातात धरून चाललेला एक अनोळखी गृहस्थ वळला, एका दुकानाच्या पायरीवरचा कुत्रा मान उचलून बघू लागला. मुलगा वळला नाही.

सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घ्यायच्या राहिल्या होत्या, एवढंच त्यांना सांगायचं होतं. ते स्वतःच परत फिरले, जुड्या घेतल्या आणि कोपऱ्यावर आले, तेव्हा अंकित तिथे उभा होता. त्याची पाठ ताठ होती, दोन्ही पिशव्या दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या विभागलेल्या. "चला बाबा," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीही घडल्याची खूण नव्हती. हेमराजांनी तिथे काही विचारलं नाही. तीस वर्षं विज्ञान महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाला एका निरीक्षणावरून प्रश्न विचारण्याचा संकोच वाटतो. एक निरीक्षण म्हणजे अपघातही असू शकतो. बाजारात गोंगाट होता, ध्वनिवर्धकावर कुणीतरी चादरी विकत होतं, वाराही उलटा असेल. घरी पोहोचेपर्यंत त्यांनी या सर्व शक्यता एकेक करून तपासल्या आणि एकेक करून बाजूला ठेवल्या, कारण त्याच गोंगाटात, त्याच वाऱ्यात एका कुत्र्याला हाक ऐकू आली होती आणि त्या कुत्र्याचं नाव अंकित नव्हतं. उरलेली शक्यता एकच होती आणि ती त्यांना आवडली नाही. अंकित चार वर्षं सैन्यात होता. उजव्या खांद्याला रायफल लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, उजवा कान डोक्याच्या सावलीत राहतो. बाजारात ते त्याच्या डाव्या हाताला, मागे होते.

पुढच्या महिन्यात त्याची वैद्यकीय तपासणी होती. केंद्राच्या सशस्त्र पोलिस दलाची लेखी परीक्षा आणि धावण्याची चाचणी तो पार करून आला होता, माजी अग्निवीरांसाठीच्या राखीव जागांमधून. कान गेला असेल तर ते दारही बंद होणार होतं, आणि वयाच्या पंचविशीच्या आत दोनदा परत पाठवलेल्या मुलाचं पुढे काय होतं याची आकडेवारी हेमराजांकडे नव्हती. ती कुणाकडेच नसावी. चार वर्षांसाठी सैनिक घेण्याची ती योजना नवीन होती. तिची पहिली पिकं आत्ता कुठे घरी येत होती. पिकं हा शब्द मनात आला आणि तो त्यांना खटकला. योजना जाहीर झाली त्या आठवड्यात प्राध्यापकांच्या खोलीत त्यांनी तिचं समर्थन केलं होतं, भावनेने नव्हे, गणिताने. सैन्याचं सरासरी वय खाली आणायचं असेल तर तरुण घ्यावे लागतील आणि प्रौढ सोडावे लागतील. वेगळा मार्ग गणितात नाही. चारातला एक ठेवायचा, तीन सोडायचे. चाळणी अशीच काम करते. इतिहासाच्या एका सहकाऱ्याने विचारलं होतं, "आणि चाळणीतून पडलेल्यांचं काय?" त्यावर ते म्हणाले होते की चाळणीला तो प्रश्न विचारता येत नाही. सगळे हसले होते. अंकित तेव्हा बारावीत होता आणि पहाटे सेवाग्रामच्या रस्त्याने धावत होता. एके दिवशी जेवताना त्याने विचारलं, "बाबा, पंचवीस टक्के म्हणजे माझा चान्स किती?" त्यांनी सांगितलं, "शंभरातले पंचवीस. ते कोणते, हे टक्केवारी सांगत नाही." अंकितने मान हलवली होती, जणू उत्तर पुरेसं होतं.

तो धावण्यात पहिला होता, नेमबाजीत वरच्या काहींत होता, बिनतारी संदेशाचं प्रशिक्षण त्याने सर्वांआधी पुरं केलं होतं. तरीही तो पडलेल्या तिघांत निघाला. हेमराजांना हेही कधी उलगडलं नव्हतं, पण ते त्यांनी संभाव्यतेच्या खात्यावर टाकून दिलं होतं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात बसणारे डोमाजी मात्र काहीच कुठल्या खात्यावर टाकत नसत. सोमवारी सकाळी हेमराज दूध आणायला गेले तर डोमाजींनी तराजूवरून मान वर केली. "काय सर, पोरगं चार सालात रिटायर! मी सत्तरीले आलो, मले कोनी रिटायर करून नाई राह्यलं."

"तुम्हाला सोडलं तर दुकानाचं सरासरी वय खाली येईल," हेमराज म्हणाले.

"येऊ द्या की! आमची काजल बसन गल्ल्यावर. पण थे कुठी बसते? तिलेबी फौजेतच जाच हाये. आमच्या वक्ताले पोरगं जातो म्हणे त माय रडे. आता माय म्हणते, पोरीचे बूट आना, घोट्याले लागून राह्यले." डोमाजींनी पिशवीला गाठ मारली. "अंकितले सांगा, सकाळी तिले टेकडीवर घेऊन जात जा म्हणा. फुकट नाई, चहा पाजीन."

नातीसाठी हे सांगताना त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. अंकित दुसऱ्याच दिवसापासून तिला हनुमान टेकडीवर नेऊ लागला. हेमराजांना बरं वाटलं. पण बरं वाटणं हा पुरावा नव्हे. त्यांनी प्रयोगशाळेतून एक स्वरकाटा घरी आणला होता. अंकित पुढच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसला असताना ते त्याच्या मागे, दाराच्या आडोशाला उभे राहिले, काटा गुडघ्यावर हलका आपटला आणि हात लांब करून त्याच्या डाव्या कानाच्या दिशेने धरला. आवाज इतका मंद होता की तो त्यांना स्वतःलाही मोठ्या कष्टाने ऐकू येत होता. पान उलटत अंकित म्हणाला, "बाबा, पाचशे बाराचा हाये का?"

हेमराज दारातून पुढे आले. लहानपणी या मुलाला त्यांनी काट्यावर छापलेला कंपनसंख्येचा आकडा झाकून आवाज ओळखायला लावलं होतं. म्हणजे कान शाबूत होता, निदान खालच्या सुरांना. बंदुकीने होणारी हानी वरच्या सुरांपासून सुरू होते, हे त्यांनी वाचलं होतं, म्हणून समाधान पूर्ण झालं नाही. त्यांनी अंकितला सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. वैद्यकीय चाचणीआधी एकदा बघून घेऊ, असं ते म्हणाले आणि अंकितने हरकत घेतली नाही. तो कशालाच हरकत घेत नसे. परत आल्यापासून घरातली प्रत्येक सूचना तो हुकूम असल्यासारखी पाळायचा. त्याच्या आईने, मंदाबाईंनी, ताटात दुसरी भाकर टाकली तर तीही. काचेच्या खोलीत त्याला बसवलं, कानांवर यंत्र लावलं, हातात बटण दिलं. बाहेर काचेपाशी उभे असलेले हेमराज त्याच्या अंगठ्याकडे बघत होते. अंगठा हलायचा, थांबायचा, हलायचा. त्यांना काही ऐकू येत नव्हतं; फक्त मुलाचं ऐकणं दिसत होतं. बाहेर आल्यावर तपासणी करणारी तरुण मुलगी हसून म्हणाली, "काका, याचे कान तर माझ्यापेक्षा चांगले आहेत. उगीच आणलं तुम्ही." कागदावरची रेघ दोन्ही बाजूंना सपाट होती. परतीच्या रस्त्यावर ऑटोत अंकित बाहेरची बाभळीची झाडं बघत होता आणि हेमराजांना आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी त्यांनी कागद पुन्हा उघडून ती रेघ बघितली. कान चांगला असेल तर त्याने ऐकलं होतं. ऐकून तो वळला नव्हता.

मंदाबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत. "मी तर पयल्याच दिवशी सांगतलं असतं. त्याले ऐकू येते. तुमच्यावर राग असन त्याचा."

"कशाचा राग?"

"तुमीच म्हणत होते ना, स्कीम चांगली हाये, स्कीम चांगली हाये. मास्तर लोकाईले काय, फळ्यावर समदंच चांगलं दिसते." मग आवाज उतरवून, "नाईतर मंग शिकला असन काई तिकडं. मागून टोकलं का वळू नये म्हणून. फौजेतले लोकं लय मानतात म्हणे."

राग ही शक्यता हेमराजांनी विचारात घेतली. तिच्यात दोष असा होता की अंकित रागावलेला असल्याचं दुसरं कोणतंही लक्षण दिसत नव्हतं. तो समोरून बोलावलं तर येत होता, जेवताना त्यांना वाढत होता, त्यांच्या चपला उन्हातून सावलीत ठेवत होता. दुसरी शक्यता मात्र त्यांच्या मनात काट्यासारखी रुतली. कान गेला असता तर त्यांना वाईट वाटलं असतं. ही गोष्ट त्यांना अपमानास्पद वाटली. वडनेरला, त्यांच्या गावी, त्यांच्या लहानपणी घराबाहेर निघालेल्या माणसाला मागून हाक मारणं हा जवळजवळ गुन्हा होता. कुणी तालुक्याला निघालं, कुणी मुलगी बघायला, कुणी कोर्टात, तर मागे राहिलेलं काहीही, छत्री असो की कागद, तसंच राहू द्यायचं. टोकलं की काम बिघडतं. त्यांच्या आईने एकदा वडिलांच्या मागे, हाक न मारता, चष्मा घेऊन शेताच्या बांधापर्यंत धावत जाऊन, त्यांना वळसा घालून, समोरून तो दिला होता. ते चित्र हेमराजांनी पुढे पंचवीस वर्षं वर्गात विनोद म्हणून वापरलं. आणि स्वतःच्या घरात त्यांनी उलट रीत पाडली. अंकित शिष्यवृत्तीच्या परीक्षेला निघाला की ते फाटकातून मुद्दाम हाक मारीत. मंदाबाई आतून, "अवो, काऊन टोकून राह्यले पोराले!" म्हणून ओरडत आणि मुलगा वळून हसत असे. निकाल चांगला लागला की जेवताना ते बोट वर करून म्हणत, "आणखी एक निरीक्षण." हळूहळू तो घराचा खेळच झाला. काही आनंदाचं कळलं की पुढे गेलेल्याला मागून ओरडूनच सांगायचं, थांबवायचं, वळायला लावायचं. अंकित प्रशिक्षणाला निघाला त्या दिवशी वर्धा स्टेशनवर इतर मुलांचे आईबाप गप्प उभे होते, कुणी अंगाऱ्याची पुडी खिशात कोंबत होतं. अंकितचा एक पाय डब्याच्या पायरीवर पडला तेव्हा हेमराजांनी पाठीमागून, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशी हाक मारली. तो वळला, डाव्या हाताने दांडा धरून अख्खा मागे कलला आणि हसून म्हणाला, "झालं का बाबा तुमचं प्रात्यक्षिक?" शेजारच्या एका बाईने हेमराजांकडे असं पाहिलं, जसं बाळाला कडक उन्हात उघडं ठेवणाऱ्याकडे बघतात. त्यांना त्या नजरेचा अभिमान वाटला होता.

तो मुलगा आता हाकेला भिऊ लागला होता, असं मानायचं का? सैन्य ही त्यांच्या समजुतीप्रमाणे शिस्तीची, नकाशांची, मोजमापाची जागा होती. तिथे मुलं ताईत बांधून जातात हे त्यांना माहीत होतं. पण त्यांचा मुलगा ताईत न बांधता गेला होता. चार वर्षं हा फार थोडा काळ आहे, असं ते योजनेच्या टीकाकारांना सांगत आले होते, इतक्यात माणूस बदलत नाही, फक्त तयार होतो. आता घराच्या अंगणात बसून, मुलाचे बूट ओळीत, टाचा भिंतीला लावून ठेवलेले बघताना त्यांना वाटलं की तयार होणं आणि बदलणं यांतला फरक आपण कधी मोजलाच नव्हता. काय मोजायचं हेच ठाऊक नव्हतं. सरासरी वय मोजता येतं. पण पूर्वी एका तुकडीतली माणसं एकत्र म्हातारी होत. आता त्याच तुकडीत कुणी कायमचा आणि कुणी चार वर्षांचा, आणि चार वर्षांच्यांमध्येही कुणी राहणारा आणि कुणी जाणारा, जो हे स्वतःच जाणत नाही. अशी माणसं शेजारी शेजारी झोपत असतील तेव्हा त्यांच्या मध्ये काय असतं, याचं एकक कुठल्याही पुस्तकात दिलेलं नव्हतं.

पुढचा पुरावा काजलकडून आला. ती दूध न्यायला दुकानात उभी होती, चेहरा धावून लाल झालेला, आणि डोमाजी तिला म्हणत होते, "पळून पळून पायाचे लाकडं होतीन तुझ्या." हेमराज दिसताच ती म्हणाली, "सर, अंकितदादाले एक गोष्ट विचारा ना. मी त्याच्यामागं पळतो, दम लागला का आवाज देतो, थांब म्हणतो. तो वळतच नाई! मले वाटलं भाव खाऊन राह्यला."

"नेहमी नाही वळत?"

"बसला असला का देते ना ओ. पाणी पेत बसलो होतो, मी मागून म्हटलं, दादा, साप! त पटकन पाह्यलं त्यानं." ती हसली. "साप नव्हता. पण चालता चालता नाई पाहत. आधी थांबते, दोन्ही पाय रोवते, मंग समदा वळते. बैलगाडी वळते ना, तसा. नुसती मान नाई वळवत कधीच."

डोमाजी म्हणाले, "फौजेत तसंच शिकवत असतीन, पोरी. तूबी शिकून घे."

हेमराज दूध न घेता परत आले, मग दुधासाठी पुन्हा गेले. त्यांनी आपल्या निरीक्षणांची फेरमांडणी केली. बाजारात अंकित चालत होता. स्वरकाट्याच्या वेळी बसलेला होता, दवाखान्यात बसलेला होता. त्यांनी ध्वनी बदलला, अंतर बदललं, दिशा बदलली. ऐकणाऱ्याची अवस्था बदलण्याचं त्यांना सुचलं नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने ही चूक केली असती तर त्यांनी त्याची वही परत केली असती. त्यानंतर काही दिवस ते मुलाच्या मागून चालले. अंगणात, गच्चीवर, आर्वी नाक्याच्या फूटपाथवर. काजल बरोबर होती. हाक ऐकली की त्याची पावलं किंचित आखूड होत, म्हणजे त्याने ऐकलेलं असे. मग तो थांबे, पाय रोवी आणि कंबर, खांदे, मान एकाच तुकड्यात वळवी. कधीकधी बाजारातल्यासारखा तो कोपरा येईपर्यंत थांबतही नसे. हाकेला भिणारा माणूस असं करत नाही. भिणारा दचकतो, तोंडाने काही पुटपुटतो. हा माणूस काहीतरी पाळत होता. कान, राग आणि शकुन या तिन्ही शक्यता खोट्या ठरल्या होत्या आणि चौथी त्यांच्याकडे नव्हती. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की ज्याच्यावर प्रयोग चालला होता तो बोलू शकणारा होता.

एका सकाळी हेमराजही टेकडीवर गेले; वरच्या सपाटीवर सिमेंटचा एक बाक आहे. काजल खालच्या वळणावर पळत होती. हेमराज बाकावर, मुलाच्या बाजूला बसले आणि समोर शहराकडे बघत म्हणाले, "बाजारात मी हाक मारली होती."

"हाव. पयल्याच हाकेले ऐकलं मी."

"मग?"

"चालताना वळत नाई मी, बाबा." आणि मग जणू ही वाक्यं बरेच दिवस ओळीने उभी होती आणि कुणीतरी पुढे चला म्हणण्याची वाट बघत होती, तसा तो बोलू लागला. वरच्या ठाण्यावरून ते चौघे खाली येत होते. सर्वांत पुढे उस्ताद, म्हणजे त्यांचा हवालदार, गढवालचा, वीस वर्षं सेवा झालेला. मग एक मुलगा, मग मुकेश, आणि शेवटी अंकित, संदेशाचं यंत्र पाठीवर. मुकेश बालाघाटकडचा, अंकितच्याच तुकडीतला, चार वर्षं शेजारच्या खाटेवरचा. वाट एका बुटाएवढी, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला काही नाही. रात्रीचा बर्फ कडक झालेला. "उस्तादनं निघायच्या आधीच सांगतलं होतं, रस्त्यानं कोणी कोणाले आवाज द्यायचा नाई. चालणाऱ्याले मागून आवाज नाई देत, म्हणे. दर वेळी सांगे तो. त्याच्या गावाकडं कोणीच नाई देत. ते पहाडी पोरं त इशाऱ्यानंच बोलत."

"बरं."

"मले हसू यायचं, बाबा. वाटे, उस्ताद म्हणजे आपली आईच हाये. वाटे, एवढी वीस सालं सर्व्हिस झाली अन् अजून टोकू नका म्हणते. खालच्या ठाण्यावरचा ऑपरेटर दोस्त होता माझा. त्यानं सेटवर सांगतलं, यादी आली. कोणाले ठेवलं अन् कोणाले नाई. मुकेशचं नाव होतं. माझं नव्हतं."

खाली काजल वळणावर थांबून गुडघ्यावर हात ठेवून वाकली होती. अंकितने तिच्याकडे पाहून हात वर केला, तिने पुन्हा पळायला सुरुवात केली.

"तुला वाईट वाटलं तेव्हा?" हेमराजांनी विचारलं.

"वाटलं असन. आठवत नाई. आम्ही समदे त्या यादीचंच ओझं घेऊन फिरत होतो ना, सहा महिने. एकाच ताटात जेवायचं अन् मनात म्हणायचं, हा राह्यला त मी जाईन. पण तेव्हा मले फक्त त्याचंच नाव ऐकू आलं. त्याच्या घरी त्याच्याशिवाय कोणी नाई कमावणारं. मी आवाज दिला. मुक्या, म्हटलं, नाव लागलं तुझं! जोरात. आपण घरी देतो ना, तसा." त्याने हात मांड्यांवर सपाट ठेवले. "तो वळला. हसतच वळला. अन् गेला."

"वारला?"

"नाई. कंबरेखालचं गेलं. घरी हाये, पडून. मी फोन करतो त्याले." अंकितच्या ओठांची एक बाजू हलली. "पयल्यांदा केला तेव्हा म्हणते कसा, खबर तो अच्छी थी, यार."

अंकितनेच पुढचं सांगितलं, आवाजात कसलाही चढउतार न करता. मुकेश सेवेतून गेल्यावर एक जागा रिकामी झाली. कॅप्टनसाहेबांनी त्याला बोलावून सांगितलं की क्रमाने पुढचं नाव त्याचं आहे. चांगला माणूस होता, म्हणाला, तुझी चूक नाही, पहाडात होतं असं. अंकितने नको म्हटलं. साहेबांनी विचार करायला वेळ दिला, त्याने पुन्हा नको म्हटलं. "कोणत्या तोंडानं घेऊ ती जागा?"

"आम्हाला काही बोलला नाहीस."

"काय बोलू? तुमी म्हटलं असतं, एक निरीक्षण."

हे त्याने टोचून म्हटलं नव्हतं. हेमराजांना ते नक्की कळत होतं. खालून काजल चढत येत होती, तिचा श्वास इथपर्यंत ऐकू येत होता. त्यांनी विचारलं, "मेडिकलला जाशील?"

"जाईन. ही जागा कोणाची नाई." तो उठला. "पण रस्त्यानं मले आवाज नका देत जाऊ, बाबा. वळून जाईन एखांद्या वेळी."

तो आणि काजल उताराने पुढे निघाले. हेमराज बाकावरच बसून राहिले. त्यांनी ती वाट मनात आखली, कारण दुसरं काय करावं ते त्यांना माहीत नव्हतं. चालणारा माणूस प्रत्येक पावलाच्या मध्ये एका पायावर असतो. पाठीवर ओझं असलेला माणूस मान वळवतो तेव्हा खांदे वळतात, खांद्यांबरोबर ओझं वळतं, गुरुत्वमध्य बाहेरच्या अंगाला सरकतो. पायाखाली रुंद जमीन असली तर दुसरा पाय बाजूला पडतो आणि काही होत नाही. कडक बर्फावर घर्षण जवळजवळ नसतं आणि बाजूला पाय टाकायला जागा नसते. यात शकुन कुठेच नव्हता. उस्तादाच्या गावात जे पाळलं जात होतं ते कुणीतरी पडल्यानंतर पाळलं जाऊ लागलं असेल, आणि कारण विसरून गेल्यावरही पाळलं जात राहिलं असेल. वडनेरला ते आलं तेव्हा त्याला कडा उरला नव्हता, फक्त धाक उरला होता. तो त्यांनी खोटा ठरवला, आणि वडनेरपुरतं ते बरोबर होतं. त्यांची सर्व प्रात्यक्षिकं सपाट जमिनीवर झाली होती: फाटकापाशी, अंगणात, फलाटावर. निष्कर्ष मात्र त्यांनी सगळ्या जमिनीसाठी काढला होता आणि तो एका मुलाला शिकवला होता.

अंकितला हाक ऐकू येत होती. तो चालताना वळत नव्हता, कारण त्याच्या हाकेने मुकेश वळला होता. त्याने हाक मारली, कारण हवालदाराचा हुकूम त्याला अंधश्रद्धा वाटला. आणि ती अंधश्रद्धा आहे हे त्याला त्याच्या वडिलांनी सांगितलं होतं.